जादाचं चॅनल

बेझनबागेत माझ्याकडे चारशे कनेक्शन,
विलायती चॅनलचे जादा बावीस रुपये भरणारं घर एकच :
डोंगरवार सिस्टरचं.

मे महिना. कूलरच्या ताट्या वाळून कडक,
अन् पडद्यावर कोणी गोरा म्हातारा
ओल्या कोटात गुलाब छाटतोय.
त्यांचं 'आज रात्री' आमच्याकडे
दुपारी साडेतीनला लागायचं,
तेही सहा वर्षं शिळं.
पावती फाडता फाडता
मी दारातूनच थोडा थंड होऊन घ्यायचो.

मग कंपनीचं पत्र आलं :
ग्राहक कमी. एकतीस तारखेपासून बंद.

त्या दिवशी एक जोडपं घर पाहत होतं,
समुद्राकाठचं, दोन खोल्यांचं, गळकं.
बाई म्हणाली घेऊ. माणूस गप्प.
तेवढ्यात निळा पडदा.

पुढच्या महिन्यात बावीस वजा करून पावती दिली.
सिस्टरनं चष्मा पुसला, आकडा पुन्हा वाचला.
"घेतलं का रे त्यांनी ते घर?"

मी शिडी खांद्यावर घेतली.
"घेतलं नं, सिस्टर.
छत तेवढं दुरुस्त करायचं राह्यलं म्हणे."