अकरा मिनिटं

पहाटे सहाला निघालो तेव्हा आम्ही चौतीस जण होतो,
चॅपलच्या मागे, ओल्या खडीवर, तोंडातून वाफ सोडत.
खिशात पिवळं कार्ड : सहाशे किलोमीटर, चाळीस तास,
शिक्क्यांसाठी नऊ रिकाम्या चौकटी.

पहिल्याच चढावर सगळे पांगले.
वेल्समधले हे रस्ते वळसे घेत नाहीत,
मेंढी चढते तसे सरळ चढतात,
आणि ऐन उभ्या जागी, डांबरावर, पांढऱ्या ढोबळ अक्षरांत
लिहिलेलं असतं : आरव.
त्यांच्या भाषेत 'हळू'.
आमच्या भाषेत आवाज.
ताशी सहाच्या वेगाने मी त्या शब्दावरून गेलो
आणि दोन्ही अर्थ पाळले.

दुपारी इथेल भेटला. वय एकाहत्तर.
आयुष्यभर शाळेची बस चालवलेला,
त्यामुळे दर वळणाला एखादं पोर आठवणारा :
"इथे ग्वेन्नो चढायची. एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही."
चढावर तो गप्प.
उतारावर असा सुटतो
की ब्रेक नुसते शोभेला लावले असावेत.

रात्र पडली ती खालून वर.
आधी दऱ्या बुडाल्या, मग दगडी कुंपणं, मग हँडल,
वर आकाशाची एक जांभळी फट उरली, तीही मिटली.
मग दिव्याचं घमेलं पुढे ढकलत राहायचं,
त्यात मावेल तेवढाच रस्ता आपला.
कडेला हिरवे ठिपके, जोडीजोडीने : मेंढ्यांचे डोळे.
त्यांना आमचं काय वाटत असेल, देव जाणे.

साडेबाराला गावातला हॉल. टोस्टवर घेवडा, तांदळाची खीर.
टेबल-टेनिसच्या टेबलाखाली तिघं झोपलेले,
एक जण खिरीच्या वाटीशेजारी, चमचा हातात धरून.
मी कार्ड दोनदा दिलं. दोनदा परत मिळालं.

तीनच्या सुमाराला, खिंडीत,
गुरांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी दांड्यांत
एक कोकरू अडकलेलं.
मागचा पाय आत, बाकी सगळं थरथरत बाहेर.
आई पलीकडे उभी, ओरडत नव्हती.
मी घड्याळाकडे पाहिलं. ते इथेलने पाहिलं.
मग तो सायकल आडवी टाकून
चारशे पावलांवरच्या अंधाऱ्या घराचं दार वाजवायला गेला.

बाई आली : नाइटगाउनवर रेनकोट, पायांत गमबूट,
हातात भांडी घासायच्या साबणाची बाटली.
टॉर्च इथेलच्या तोंडावर मारून म्हणाली,
"मिस्टर प्रोथेरो? बस विकली की काय?"
ही ग्वेन्नो नव्हती, तिची धाकटी बहीण.
ग्वेन्नो कॅनडात असते.
आम्ही तिघं गुडघ्यांवर, साबणाचा फेस,
मी मान धरलेली, इतकी गरम मान
की माझे हात किती गार होते ते तेव्हा कळलं.
पाय सुटला. ते पडलं, उठलं, पुन्हा पडलं.
बाईने चहा केला. नाही म्हणायची
इथेलची पद्धत नाही.
पन्नास मिनिटं.

दुसऱ्या दिवसाबद्दल मला फार सांगता येणार नाही.
ऊन होतं. एका बसथांब्यात मी वीस मिनिटं मेलो.
गुडघा नावाचा कोणी परका माणूस
माझ्या पायात राहायला आला होता.
एका चढावर मी उतरलो आणि चालत
सायकललाच शिव्या दिल्या, मराठीत,
आणि इथेल म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

चॅपलपाशी पोचलो तेव्हा दहा वाजून अकरा मिनिटं.
मर्शरिडने शिक्का मारला, चष्मा लावला,
आणि वेळ लिहिली. जी होती तीच.
"कारण?" तिने विचारलं.
इथेलने कार्ड उलटंसुलटं पाहिलं.
"त्याला चौकटच नाही," म्हणाला, आणि किटलीकडे वळला.

मला हेल्मेटचा पट्टा सुटेना, बोटं बधिर.
त्यानेच सोडवला, हनुवटीखाली, पोराचा सोडवावा तसा.
त्याच्या हातांना अजून
लोकरीचा तुपट वास होता.