छाट

मार्चचा पगार शेठनं निम्मा पैशात दिला,
निम्मा टॉवेलात.
ऑर्डर परत आली म्हणाले, जहाजावर चढलीच नाही,
सुताचा भाव, विजेचं बिल, तिकडं कुठं लढाई.
बाबांनी सगळं ऐकून घेतलं
आणि अक्कलकोट रोडवरून सायकलला बांधून
दोन खेपांत ऐंशी टॉवेल घरी आणले.

पांढरेशुभ्र. कोपऱ्यात निळ्या धाग्यानं
कुठल्यातरी समुद्रकाठच्या हॉटेलचं नाव.
आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी.

आईनं मोजले : ओकटि, रेंडु, मूडु…
हातातलं ती तेलुगूत मोजते
आणि उधारी मराठीत सांगते.
एकदा विचारलं, असं का गं?
म्हणाली, देणं दुसऱ्या भाषेत असलं
की जरा उंबऱ्याबाहेर राहतं.

मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, म्हणून वही माझ्याकडं.
रविवारी रात्री मी वाचते, आई छाटते,
मांडीवर सूप, बोटं पानात, डोळे कुठंच नाहीत.
कारखान्यात चेकर तिच्या हजारातल्या साठ-सत्तर छाटतो :
ही सैल, हिचं तोंड उघडं, हिचं पान फाटकं.
मजुरी कापतो
आणि छाटलेल्या बिड्याही ठेवून घेतो.

"केबल." छाट.
"तूरडाळ तीन किलो." दीड.
"शेंगदाणे."
बोटं थांबली. शेंगाचटणी नाही तर भाकरी
कशाला लावायची, या गावात?
"लिही अर्धा. कुटताना मीठ जास्त घालीन."
"विनायकची शिकवणी." पुढं वाच.
"भिशी." पुढं वाच म्हटलं ना.
"बाबांचा चहा, गाड्यावरचा, रोजचे दोन."
बाबा भिंतीकडं तोंड करून पडले होते,
आम्हाला वाटलं झोपलेत.
"छाट," भिंत म्हणाली.

मग टॉवेल निघाले एकेक.
शिवलिंगप्पांनी डाळीच्या उधारीत बारा घेतले,
आता त्यांचा तराजू समुद्रकाठच्या हॉटेलनं पुसला जातो.
शिकवणीच्या सरांनी चार, लाजत.
कोंडांच्या लेकीचं बाळ एकात गुंडाळून
दवाखान्यातून घरी आलं, त्याचे पैसे आईनं घेतले नाहीत
आणि मला वहीत लिहू दिलं नाहीत.
एप्रिलात गल्लीच्या सगळ्या दोऱ्यांवर तेच निळं नाव.
बघणाऱ्याला वाटावं, सगळी गल्ली मिळून
एका हॉटेलात राहून आली
आणि येताना टॉवेल ढापून आणले.

हिशेब जुळेना मात्र.
गेले एकोणऐंशी, आलेले ऐंशी.
तीनदा बेरीज केली. चौथ्यांदा आईनं
लग्नातल्या साडीखालून ट्रंकेतून एक काढला.
"सव्वीस वर्षं विणतोय तो. एकदा तरी
नव्या टॉवेलानं अंग पुसू दे की."

पाण्याचा दिवस होता. हंडे, बादल्या, पातेली भरून झाली,
तळाशी उरलं त्यात बाबांनी आंघोळ केली,
जुन्याच पंचानं अंग कोरडं केलं
आणि मग तो नवा हातात घेऊन उजेडाला धरला.
अंगठा फिरवत फिरवत एके ठिकाणी थांबले.
"इथं बघ. एक धागा सुटलाय."
जरा वेळानं, आईकडं न बघता,
"यामुळं तर नसेल ना आली परत, सगळी ऑर्डर?"

आई काही बोलली नाही.
डब्यातनं सुई काढून त्यांच्या हातात दिली.

दुपारभर ते दारात बसून होते,
चष्मा नाकावर, धागा दातात.
मी वही उघडून बसलेली.
हा एक कुठं लिहायचा, जमेला की खर्चाला,
हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला असेल कदाचित.