नाजूक, वाकवू नये

बाबांच्या दुकानाला दार नव्हतं.
पत्ता होता: कोपरी, ठाणे पूर्व, चारशे सहाशे तीन,
आणि पलंगाखाली सत्तावीस तबकड्या,
त्यांतल्या अकरा जर्मन.
जहाजावर वायरलेस सांभाळणारा बॅसिल मिस्किटा
सात-आठ महिन्यांनी एकदा उगवायचा
आणि बोंबलाचा वास लागलेल्या पिशवीतून
चौकोनी पाकिटं काढायचा.

दिवसा बाबा बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात
मीटर जुळवायचे.
रात्री तबकडीवर सुई ठेवली की डोळे मिटायचे नाहीत,
उलट मोठे करायचे,
काटा हलताना बघावा तसे.
शेजारच्या ताम्हाणेकाकू दारातूनच विचारायच्या,
"गाणारा कधी येतो हो यात?"
"येतच नाही," बाबा म्हणायचे. खूश होऊन.

यादी लिहायचं काम माझं.
इयत्ता नववी, अक्षर बरं.
मेणकागदावर लोखंडी लेखणी,
जास्त दाबलं की 'ठ'चं पोट फाटायचं
आणि दीडशे प्रतींवर शाईचा गोळा.
पहिल्या यादीत मी लिहिलं: अवीट, स्वर्गीय.
बाबांनी मेणकागदच फाडला.
"बार्शीतल्या माणसाला यातून काय कळणार?
ऐकू येतं ते लिही."

मग ऐकलं.
क्रमांक चार: टाकी भरत आलीय, कुणी नळ बंद करत नाही.
क्रमांक नऊ: खाडीपलीकडे वेल्डिंग. ठिणगी आधी, आवाज मागून.
क्रमांक बारा, दुसरी बाजू: एकच सूर, सतरा मिनिटं.
घाई असलेल्यांनी मागवू नये.

बाराला सहा मागण्या आल्या. प्रती दोन.
उरलेल्या चौघांना पोस्टकार्डं गेली: जहाज मार्चमध्ये.

दोन पुठ्ठे, सुतळी, लाख,
वर लाल शाईत: नाजूक, वाकवू नये.
पोस्टातले गुडेकर प्रत्येक पार्सल कानाशी नेत,
"आज काही वाजत नाहीये," म्हणत
आणि व्हीपीपीचा शिक्का मात्र अगदी हळू, कडेलाच मारत.

इचलकरंजीहून एका मागवाल्यानं लिहिलं,
चार नंबर कारखान्यात लावली, कामगार हसले.
बंद केली तर म्हणाले, लावा.
त्याच्या पत्रानंतर त्याच गल्लीतून
तीन मनीऑर्डरी.
भुसावळचा सिग्नलवाला दर महिन्याला एक मागवायचा,
कुणाकुणाला ऐकवली त्यांची नावंही कळवायचा,
हजेरी घेतल्यासारखी.

आणि जिंतूरचे विश्वंभर काळदाते.
मनीऑर्डर दोन रुपयांची, कूपनावर बारीक अक्षरात:
"यंत्र नाही. तबकडी नको.
पुढची यादी मात्र जरूर धाडावी.
क्रमांक बारा रोज झोपताना वाचतो."

बाबांनी कूपन तीनदा वाचलं,
चष्मा पुसला, म्हणाले,
"बाराला अजून एक ओळ दे. यांच्यासाठी."

तीन रात्री मी सुई पुन्हा पुन्हा मागे नेली.
एका सुराबद्दल अजून काय लिहिणार?
शेवटी लिहिलं:
अकराव्या मिनिटाला ट्रक गेल्यासारखा वाटतो.
तो बाहेरचा, महामार्गावरचा.

जिंतूरहून पोस्टकार्ड:
"ट्रक इथंही गेला. आभारी आहे."

पुढे कॅसेटी आल्या.
मिस्किटाचं जहाज भंगारात निघालं,
बाबांचे कान कारखान्यानं आधीच खाल्ले होते,
ते आम्हाला उशिरा कळलं.
सत्तावीसपैकी बारा नंबर कुणाकडे गेली
याची नोंद नाही.

परवा ऐरोलीला भाचीनं
फोनवर कुठूनशी शोधून लावली.
तीच. सतरा मिनिटं.
स्वच्छ, एक चरा नाही.
मी मेथी निवडत होते.
अकराव्या मिनिटाला हात थांबले,
मान वर केली.

ट्रक आला नाही.