दोन लिटर जास्त

मोर्ल्याच्या दूध सोसायटीचं शटर
पहाटे साडेपाचला मी वर करते.
यंत्र तापायला चार मिनिटं घेतं.
तेवढ्यात रांगेत निवडणूक पेटलेली असते,
तोंडं अजून धुतलेली नसतात,
शब्द मात्र घासूनपुसून आणलेले.

अध्यक्षपदाला दोघे उभे:
राया गावस, निशाणी कंदील,
घनश्याम माजिक, निशाणी शिडी.
कंदीलवाले म्हणतात, शिडीला पाचच पायऱ्या,
सहावी घनश्यामने आपल्या गोठ्याला लावली.
शिडीवाले म्हणतात, लावा हो, कंदील लावा,
पेंडीचा हिशेब कुठे सांडलाय ते तरी दिसेल.
म्हातारा फटू परब दोन्हीकडे हसतो,
मग विचारतो, आता कोण कुणाला बोललं?

मी बोलत नाही.
मला सगळ्यांची फॅट पाठ आहे.
छातीवर ‘स्वच्छ कारभार’ छापून आलेल्या गुणोची
दोन पॉइंट आठ.
त्याच्यावर खोखो हसणाऱ्या सुलक्षाची दोन पॉइंट नऊ.
ती म्हणते, म्हैस रुसलीय गो,
तिने अजून कुणालाच पाठिंबा दिलेला नाही.
पाणी दोन्ही पॅनलांत आहे.
मी आकडा लिहिते, पावती फाडते, पुढचा कॅन.

घरी नवरा कंदील, सासरा शिडी.
परवा प्रचाराचा रिक्षा दारात थांबला
तेव्हा एकाने खिडकी उघडली, दुसऱ्याने लावली.
त्या दिवसापासून दोघे मीठसुद्धा
माझ्यामार्फत मागतात.
एकच बरणी, एकच पाट,
मधल्या दीड हातात
मी.

राया गावस बोलताना अडकतो.
‘स’ आला की थांबतो, मान किंचित वाकडी करतो,
रस्त्यात गुरं आल्यावर गाडीवाला थांबतो तसा.
आम्ही लहानपणापासून बघत आलोय,
कधी कुणी काही म्हटलं नव्हतं.
काल विनू उपड्या क्रेटवर चढला,
मान तशीच वाकडी केली:
स-स-स-सभासदहो,
स-स-सोसायटीचं दूध
स-स-सांडेपर्यंत माझं भाषण स-संपणार नाही.

रांग कोसळली.
शिडीवाले तर हसलेच,
कंदीलवाले जमिनीकडे बघून हसले,
फटूला ठसका लागला.
आणि मी,
जिला हातातल्या पेनाखेरीज पक्ष नाही,
मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं
आणि विनूच्या सहा लिटरांचे
रजिस्टरात आठ झाले.

डोळे पुसले तर काउंटरवर कॅन होता.
कॅनमागे रायाची थोरली.
शाळेचा युनिफॉर्म, एक वेणी घातलेली,
दुसरी बसमध्ये घालणार असावी.
रोज ती ठणकावून नंबर सांगते, सत्तावीस,
सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.
काल तिने कार्ड पुढे केलं
आणि तोंड मिटलेलं ठेवलं.

दूध अकरा लिटर. फॅट तीन पॉइंट सहा.
मी आकडा गरजेपेक्षा मोठ्याने वाचला,
जणू त्याने काही भरून निघणार होतं.
कुणी ऐकला नाही.
मागे कुणीतरी शिडीच्या पायऱ्या पुन्हा मोजत होतं.
पावती तिने दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली,
कॅन तिरका करून शेवटचा थेंबही गाळणीत ओतला
आणि गेली.
बस केरीच्या वळणावर हॉर्न देत होती.

रविवारी मतदान.
नवरा विचारतो, ठरलं ना?
सासरा विचारत नाही, नुसता खाकरतो.
मी भात वाढते.

विनूच्या नावावर दोन लिटर जास्त पडलेत,
माझ्या हसण्याचे.
दहा दिवसांच्या बिलात ते जातील.
खोडायला हवेत.
पण रजिस्टरात खाडाखोड केली
की शेजारी सही लागते अध्यक्षांची,
आणि अध्यक्ष
अजून कुणीच नाही.