ळ

हिद्दच्या गोदीत मी रिगर होतो,
एकोणीस वर्षं क्रेनशी हातांनी बोललो.
तर्जनी वर करून फिरवली: उचल.
तर्जनी खाली: सोड, सावकाश.
मूठ: थांब.
आणि दोन्ही पंजे पोटापुढे एकमेकांत अडकवले
तर सगळंच रोखून धर, जिथल्या तिथे.

वर काचेच्या पेटीत सदानंदन.
माझा आवाज कामावर त्याला कधी ऐकू गेला नाही.
तरी बारा टनांचा पंखा जहाजाच्या बुडाशी
आम्ही असा बसवला, की रंगाचा टवका उडाला नाही.

मग नट निसटायला लागला बोटांतून.
मग सदऱ्याचं बटण.
एका दुपारी मुठीऐवजी भलतंच काही झालं
आणि सदानंदननं क्रेन बंद केली.
शिडीच्या सगळ्या पायऱ्या उतरून आला, म्हणाला,
'भाई, तुझी बोटं खोटं बोलायला लागली.'
डॉक्टरांनी तीन महिन्यांनी तेच सांगितलं,
तीन इंग्रजी अक्षरांत.

आता शालन सकाळी मला पुसून, बसवून
माझे हात मांडीवर ठेवते, एकात एक.
तिला माहीत नाही ही कोणती खूण.
मीही सांगितलं नाही. लिहायला अर्धा दिवस जाईल.

यंत्र मंडळानं दिलं. नाटकाची तिकिटं खपवून,
शिवाय मुहर्रकच्या बेकरीवाल्याचे वीस दिनार.
अक्षरावर नजर टेकवली की अक्षर उमटतं,
मग एक गृहस्थ बोलतात,
कोरडे, सभ्य, हिंदी मुलखातले.
त्यांना ळ येत नाही.
मी लिहितो, औषधाची वेळ झाली.
ते म्हणतात, औषधाची वेल झाली.
शालन विचारते, कुंडी आणू का?

एका रात्री कफ दाटला होता, तेव्हा लिहिलं,
काळ जवळ आलाय का गं?
ते म्हणाले, काल जवल आलाय का गं?
ती बराच वेळ नळी धुत राहिली.
मग म्हणाली, काल कसा येईल, गेला तो.

आमच्या इमारतीची वीज गेली त्या ऑगस्टात
शेजारच्या बू राशिदनं भिंतीवरून केबल टाकली.
कफ ओढायचं यंत्र त्याच्या घरच्या विजेवर धापा टाकत होतं
आणि तो उंबऱ्यात बसून आजोबांचं सांगत होता:
मोत्यांच्या होडीवर ते दोर धरायचे.
खाली पाणबुड्यानं हिसका दिला की ओढून घ्यायचं,
एवढंच काम, पण हात झोपू द्यायचा नाही.
वीज येईपर्यंत तो उठला नाही.

शुक्रवारी सदानंदन येतो.
यंत्र थकतं, माझे डोळे थकतात, तेव्हा
यार्डातून कापून आणलेली ॲक्रिलिकची काच
तो आमच्या दोघांमध्ये धरतो. तिच्यावर शालनच्या हाताची मुळाक्षरं.
मी अलीकडून बघतो, तो पलीकडून वाचतो,
म्हणजे त्याला मराठी येते ती उलटी.
मंडळाच्या हॉलवरची सरळ पाटी त्याला लागत नाही.

परवा यंत्र म्हणालं, सगलं ठीक.
सदानंदन चहा पीत होता. कप ठेवला, म्हणाला, 'ळ.
सगळं.'
जीभ मागे वळवून, टाळूला लावून,
अगदी आमच्या वेंगुर्ल्याचा ळ.
त्याच्या भाषेच्या नावातच तो बसलेला,
आणि मला हे एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं.
तेव्हापासून ते गृहस्थ चुकले
की स्वयंपाकघरातूनसुद्धा तो ओरडतो: ळ!
शालन म्हणते, शेजारी काय समजत असतील.

पण दारातून आल्या आल्या, चपला काढायच्या आधी,
तो माझ्या मांडीकडे बघतो.
पंजे सोडवतो, एकेक बोट,
उजवी तर्जनी सरळ करतो, वर,
आणि माझं मनगट धरून हळूहळू गोल फिरवतो.

शालनला वाटतं, व्यायाम आहे.