एकशे पंधरा

सलमाबादेत दिवसभर मी हवेचा हमाल.
पत्रा कापतो, वाकवतो, डक्ट जोडत जातो,
थंड हवा पोचवतो अशा निजायच्या खोल्यांत
ज्या पुऱ्या झाल्यावर मला कुणी दाखवल्या नाहीत.

रात्री अकरानंतर मात्र एकच छाती माझी:
अडीचशे सीसीची, रोडेलने मनिलाला परतताना
चाळीस दिनारांत दिलेली.
आरसा एक, कागद पुरे, चढावर धाप.

एअरबॉक्स उघडला. आत वाळू नव्हती,
वाळू म्हणावं इतकी जाड नव्हती ती.
पीठ होतं. गिरणीच्या पट्ट्यामागे साठतं तसलं.
फिल्टर रॉकेलमध्ये बुडवला आणि पिळायला घेतला,
तेवढ्यात आठवलं सुनेत्राचं ओरडणं:
पिळायचं न्हाई, दाबायचं. लुगडं हाय का ते?

सुनेत्रा माझी धाकटी बहीण. गडहिंग्लजचं गॅरेज तिचं.
बाबांनी पान्यांची पेटी तिला दिली, मला तिकीट.
वाटणी बरोबर झाली असं आम्ही दोघंही म्हणतो,
वेगवेगळ्या दिवशी.

मग सायलेन्सरमधला बॅफल उपसला.
तीन स्क्रू गंजलेले, चौथा नव्हताच.
किक मारली आणि
आवाज समोरच्या भिंतीवर आपटून
चार मजले उघड्या पायांनी चढला.

गुलजमान खाली आला. एका पायात चप्पल.
भांडला नाही. सीटवर तळवा ठेवून उभा राहिला,
जनावर ताप धरून आहे का बघावं तसा.
म्हणाला, अच्छी है यार. मेरी बस साढ़े तीन पे निकलती है.
आणि गेला.

प्लग काढून पाहिला: चुन्यासारखा पांढरा.
फोटो पाठवला. तिचे सव्वाआठ, माझे पावणेसहा.
शटर वर जाताना खडखडलं, त्याच्यामागून ती:
हवा लई, पेट्रोल कमी. उपाशी पळतीया ती.
जेट बदल. एकशे दहाचं एकशे वीस कर.

केलं. पण बॅफलही परत घातला,
गुलजमानच्या त्या एका चपलेसाठी.
भोवती डक्टची काचलोकर गुंडाळली, कामावरून उरलेली.
चौथ्या दिवशी ती जळून राख. सुनेत्राला सांगितलं नव्हतं,
तरी म्हणाली, आत स्टीलचा काथ्या लावायचा आधी, शहाण्या.

आता प्लग तव्याच्या बुडासारखा काळा.
एकशे वीस जास्त, एकशे दहा कमी.
मध्ये एकशे पंधरा, मनामातल्या दुकानात,
पितळेचं, ज्वारीच्या दाण्याएवढं, भोक सुईला लाजवणारं.
तेवढ्या भोकासाठी मी तीन शुक्रवार दिले.

आणि काल रात्री, घामाने स्क्रूड्रायव्हर सटकत असताना,
प्लग निघाला तो लोणी कढवल्यावर
तळाला राहते त्या बेरीच्या रंगाचा.

दोन वाजता दारातच चालू केली.
वर गुलजमानची खिडकी अंधारीच राहिली.
बुदैयाच्या रस्त्याला चौथा गिअर टाकला,
खजुरांच्या कुंपणाशी पाणी मारलेल्या मातीचा वास,
आणि खाली ती, तोंड मिटून, नाकाने श्वास घेणारी.

समुद्राशी थांबून फोन एक्झॉस्टजवळ धरला.
वीस सेकंद पाठवले.

उत्तर सकाळी आलं, अकरा सेकंदांचं.
आधी शटर. मग बराच वेळ काही नाही,
कुणीतरी बादली सरकवली.
मग, हं.
मग, व्हॉल्व्ह वाजतोय जरासा. पुढल्या महिन्यात उघड.