चौऱ्याहत्तर किलो

तिघांना पाहिलं मी.
लग्नाआधी एकालाच पाहिलं होतं.

पहिला आरशाशी बोलायचा.
मी वाकले की स्वतःचा दंड बघत
"छान, सेन्योरा, छान" म्हणायचा.
छान नव्हतं ते.
पस्तीस वर्षं मासळी विकते आहे मी,
शिळ्याला ताजं म्हणताना आवाज कुठून निघतो
ते मला कुणी शिकवू नये.

दुसऱ्याकडे डबे होते, पावडरींचे.
त्यानं माझ्या पोटाला चिमटा लावला
आणि आलेला आकडा
चार माणसांत मोठ्यानं वाचला.
पैसे दिले, निघून आले.

तिसरी यास्ना. वाल्पारायसोच्या बंदरामागे
जाळ्यांचा एक कारखाना बंद पडलाय, त्यात तिचं जिम.
छपराच्या भोकातून सीगल आत येतात,
बाहेर जायचं मात्र विसरतात.
तिनं मला काट्यावर उभं केलं नाही.
विचारलं, "दिवसभरात काय काय उचलता?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.
मी सांगत सुटले: बर्फाचे ट्रे, मासळीच्या पेट्या,
बटाट्याची पिशवी, तीही दोनशे अठरा पायऱ्या वर,
कारण टेकडीवरची लिफ्ट दोन वर्षं दुरुस्तीला आहे
आणि दुरुस्त करणारा अजून कुणाला दिसलेला नाही.
"म्हणजे ताकद आहे," ती म्हणाली, "पाठीला वाली नाही.
आणि हे सगळं कशासाठी?"
"तब्येतीसाठी," मी म्हटलं.
तिनं वहीत काहीच लिहिलं नाही.

महिनाभर नुसता झाडूचा दांडा.
शेजारची ऑर्तेन्सिया हसली: झाडायचे पैसे तूच देतेस?
गुडघे इकडे, नजर तिकडे, श्वास पोटात कोंडून.
"वजन उचलू नका," यास्ना म्हणायची,
"पायांनी जमीन ढकला."
त्रेसष्ट वर्षं जमिनीवर उभी आहे मी,
तिला ढकलता येतं, हे ठाऊक नव्हतं.

जुलैच्या थंडीत एकदा
बार खाली ठेवला आणि सांगून टाकलं.
निबाल्दो न्हाणीघरात पडला होता.
झटका आल्यापासून त्याचं डावं अंग
त्याचं ऐकत नाही, माझं तर नाहीच.
मला उचलता आलं नाही.
मग टॉवेल अंथरला आणि शेजारी बसले, फरशीवर,
पहाटे गॅसवाला पोरगा येईपर्यंत.
आम्ही फुटबॉलबद्दल बोललो.

"वजन किती त्यांचं?"
"चौऱ्याहत्तर."
ती बाहेर गेली. ओल्या वाळूनं गोणी भरून
ओढत आत आणली.
"लोखंड शहाणं असतं, धरायला जागा देतं.
माणूस देत नाही."

सप्टेंबरात गोणी गुडघ्यापर्यंत आली.
ऑक्टोबरात दोनदा फाटली.
डिसेंबरात छातीशी आली तेव्हा
मी अशी ओरडले
की सगळे सीगल एकदम बाहेर गेले.

जानेवारीत तो पुन्हा पडला.
मी गुडघे टेकले, काखेतून हात घातले,
त्याला छातीशी घेतलं, जमीन ढकलली,
आणि मागच्या मागे पडता पडता राहिले.
एवढा हलका!
"हळू, एर्सिलिया," तो म्हणाला,
"बर्फाचा ट्रे नाही मी."

दवाखान्याच्या काट्यावर छप्पन्न भरला.
इकडे मी किलोकिलोनं चढत होते
आणि तिकडे, त्याच घरात, त्याच ताटावर,
तो उतरत होता.
अठरा किलो नवरा
मला न विचारता गेला कुठे?

मंगळवारी यास्नाला सांगितलं.
ती काही बोलली नाही. खाली बसली,
गोणीच्या तोंडाची दोरी सोडायला लागली.
मी तिचा हात धरला.
राहू दे.

घरी छप्पन्न उचलते.
इथे अजून चौऱ्याहत्तर.
"पाठ," यास्ना म्हणते, "पाठ सरळ."